जत्रेसाठी घडवलेली बंदूक

ईट, ता. भूम
१८ जुलै २०२४

हर्षाली,

आशीर्वाद असतोच, तो दर पत्रात लिहीत बसणार न्हाय. हात दुखतो.

तुझे प्रश्न तुझ्या आईनं वाचून दाखवले. एवढे प्रश्न मला बघायला आले तेव्हा बी कुणी विचारले नव्हते. बंदुकीची नळी कशानं घासता, लाकडाला काय लावता, चांदीच्या फुलावर बोट फिरवलं तर खरखर लागतं का. तू तिकडं पॅरिसला बसून जुन्या जत्रांत मांडलेल्या बंदुकांवर पुस्तक लिहितीस, अन् माहिती विचारतीस ईटच्या चौथी पास म्हातारीला. लिही बापडे. पण आजी फोनवर का येत न्हाय असं आईला परत विचारू नको. फोनवर तू मधीच बोलतीस. कागदावर मला कुणी अडवत न्हाय. तुझी आई ह्या कागदाचा फोटो काढून धाडती, तेवढं पुरं.

आता उत्तर. नळीला आधी चिंचेचं पाणी, मग चुलीतली चाळलेली राख, मग कोरडं फडकं. लाकडाला करडीचं तेल, ते बी बोटानं. कापूस न्हाय, कापसाचा धागा नक्षीत अडकतो. चांदीचं फूल कोरड्या रांगोळीनं. हे सगळं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, बायकांनी. नवमीला हत्यारांची पूजा झाली की बायकांनी हात लावायचा न्हाय, गंध-फूल पुरुषांचं. घासायला आमी अन् मिरवायला ते. हे बी लिही पुस्तकात.

पण सध्या हे सगळं बंद हाय. तुझ्या बापानं बंदूक वाकळेत गुंडाळून माळ्यावर टाकली. नवमीला पाटावर कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, ट्रॅक्टरची चावी, सगळं मांडतो अन् वरची जागा मोकळी ठेवतो. कुणी विचारलं तर ऐकूच आलं न्हाय असं करतो.

तू म्हणतीस, ह्यात माझं काय चुकलं, मी खरं बोलले. तुला तुझीच बाजू आठवत असणार, म्हणून म्या काय बघितलं ते सांगते.

आण्णासाहेब माझे थोरले दीर, घरातलं सगळ्यात मोठं माणूस. तुझा आजोबा लवकर गेला तेव्हा तुझ्या बापाला, दिग्विजयला, त्यांनीच वाढवला, कृष्णराजच्या ताटाशेजारी ताट मांडून. कृष्णराज त्यांचा पोटचा, पण मला विचारशील तर दिग्विजय जास्त त्यांचा. दर नवमीला आण्णा बंदुकीची गोष्ट सांगायचे अन् मगच पंगत जेवायची. आपल्या मानाजी खापरपणज्यानं बिबळ्या कसा मारला, निजामाच्या तालुकदारानं ही बंदूक त्याला कशी बक्षीस दिली. भात गार व्हायचा, पण कुणी हात घालायचं न्हाय.

दोन सालामागं नवमीला तू नवीन नवीन पॅरिसहून आली होतीस. तिथल्या म्युझियमात ह्या बंदुकीची जोडीदारीण बघून आलेली. नळीच्या तोंडाला तसाच सिंह, दस्त्यावर तसंच फूल. पोटात मावत नव्हतं तुझ्या. आण्णा गोष्टीत म्हणाले, "अन् धाडदिशी बार निघाला," अन् तू खराट्याची काडी घेऊन बत्ती देतात त्या भोकात घातलीस. सगळ्या भावकीसमोर म्हणालीस, "आण्णा, काडी आत जातच न्हाय. भोक आरपार न्हाय. ही कधीच उडाली न्हाय, ही जत्रेत मांडायला घडवलेली हाय."

कृष्णराज फिदीफिदी हसला. आण्णा काठी टेकत उठले अन् एक शब्द न बोलता बाहेर गेले. तुझ्या बापानं ताट सरकवलं. "माझ्या चुलत्याला भरल्या पंगतीत खोटं पाडणारी लेक मला नको," असं म्हणाला. तू बी त्याचीच लेक, सांजच्या एस.टी.नं गेलीस. आण्णा परत आले तवर पंगत मोडली होती. ते बी न जेवता खोलीत जाऊन पडले. पुढं संक्रांतीनंतर गेले. तेव्हा बी तू आली न्हाईस, कारण बापानं बोलावलं न्हाय.

आता यंदाचं ऐक. काल जेवताना तुझा बाप म्हणाला, दसऱ्याच्या आत बंदूक ठाण्यात नेऊन देतो, घरात नको. मला बंदुकीचं काही पडलं न्हाय. लोखंडच ते. पण ती गेली की तुमा बापलेकीत भांडायला बी काही उरत न्हाय, मग तू इकडं येतीस कशाला अन् तो तुझं नाव काढतो कशाला. मी अठ्ठ्याहत्तरीची झाले. मला तुमा दोघांना एका घरात बघायचं हाय, अन् मला घाई हाय.

हैदराबादला काम हाय तेव्हा नवमीला येऊ का, म्हणून विचारलंस. थांब जरा. आत्ता आलीस तर तो रानात जाऊन बसेल अन् तू उंबऱ्यावरून परत जाशील. मग पुढं कुणी कुणाचं तोंड बघायचं न्हाय. आधी मला बघू दे.

धुरपदाबाई


६ ऑगस्ट २०२४

हर्षाली,

फोटो मिळाले. बोटानं मोठं कसं करायचं ते आईनं शिकवलं. म्या एक माणूस एवढा मोठा केला की नुसतं नाकच दिसाया लागलं.

तर ही तुझी जगाची जत्रा. बघितली. आपल्या येडेश्वरीच्या जत्रेत पाळणे असतात तसा त्यांचा तो लोखंडी मनोरा. आपले पाळणे जत्रा उठली की उतरवतात. त्यांनी मनोरा तसाच ठेवलाय. उतरवायचा कंटाळा आला असेल.

बंदुकांची भिंत दोनदा बघितली. मधी ढाल, तिच्याभोवती बंदुका पंख्यासारख्या, वर तलवारी. मोरानं पिसारा काढलाय असं वाटतं. खाली ती टोपीवाली बाई उभी हाय, भांड्याच्या दुकानापुढं आपण उभ्या राहतो तशी, घ्यायचं काही न्हाय पण हलायचं बी न्हाय. तू लिहिलंस, त्या राज्य करणाऱ्यांना दाखवायचं होतं की ही हत्यारं धरणारी माणसं आता आमच्या हाताखाली हायत, म्हणून हत्यारांची अशी फुलं करायची. असेल. तू शिकलेली हाईस. मला दिसलं ते एवढंच की इतक्या उंचावरची धूळ कुणीतरी शिडीवर चढून पुसत असणार. त्या माणसाचा फोटो तू धाडला न्हाईस. मिळाला तर बघ.

काचेतली जोडीदारीण बी बघितली. बहीणच हाय, शंका न्हाय. पण लाकूड पांढरं पडलंय गं. तेल लावत न्हाईत का तिला? हात लावायचा तर मोजे घालावे लागतात म्हणालीस. मोज्यानं तेल कसं लागणार.

तू लिहिलंस की हैदराबादच्या कारागिरानं अशी जोडी घडवली असणार, एक बोटीनं गेली अन् एक मागं राहिली. जत्रेत गर्दी, कुणाला इजा नको, म्हणून बत्तीचं भोक पुरतं पाडलंच न्हाय. अजून पक्कं न्हाय, हैदराबादला जुने कागद बघून ठरवणार. मला पटलं. मागं राहिलेली कुणाच्या तरी माथी मारायची, तर बिबळ्या मारणारा शेतकरी बरा सापडला. बंदूक दिली असं झालं, अन् तो बंदूकवाला बी झाला न्हाय. तालुकदार हुशार होता.

आता एक सांगते. तुझ्या आईला विचारून सांगते, कारण ते तिचं बी हाय.

लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला माझ्या सासूनं मला पडवीत बसवलं, बंदूक मांडीवर दिली अन् तेलाचा एक थेंब त्या भोकात सोडला. थेंब तिथंच राहिला, डोळ्यात पाणी राहतं तसा. सासू म्हणाली, "बघितलंस? मुकी हाय. पुरुषांना कळू द्यायचं न्हाय, मग त्यांना जेवण गोड लागत न्हाय." तिला तिच्या सासूनं असंच सांगितलेलं. म्या तुझ्या आईला सांगितलं. ह्या घरात आलेल्या प्रत्येक सुनेला पहिल्या नवमीला हे सांगतात. लेकींना सांगत न्हाईत. लेकी परघरी जातात, तिथं भांडणं होतात, अन् भांडणात माहेरचं काय बोलून जातील भरवसा न्हाय. तू लेक पडलीस. सून असतीस तर काडी शोधायची वेळच आली नसती.

मला ह्याचं वाईट-बिईट वाटत न्हाय. रीत ती रीत. आधी हसू आलं, की एवढा समुद्र ओलांडून पोरीनं जे हुडकलं ते आमच्या पडवीतच होतं. मग दुपारी पडल्या पडल्या वाटलं, सुनांना तर मांडीवर देऊन सांगावं लागलं. हिनं आपलं आपण हुडकलं, अन् ते कुठून कुठं गेलं, का गेलं, ते बी. ते आमच्यातल्या एकीला बी सुचलं न्हाय. तुझ्या आईला हे बोलून दाखवलं तर ती पदर डोळ्याला लावून बसली. तिचं तसंच हाय.

तुझ्या बापाला ह्यातलं काही माहीत नसणार. तो आण्णांच्या गोष्टीवर वाढला. त्याला वाटत असणार बार निघाला होता. म्हणून एवढा लागलाय. असं मी धरून चालले हाय. बघू.

दुधाच्या चहात तिकडं आलं घालतात का? न्हाय तर घालत जा. मोबाईलवर बोलताना खोकतीस असं आई म्हणाली.

धुरपदाबाई


३ सप्टेंबर २०२४

हर्षाली,

काल पोळा झाला. आईनं तुला काही सांगितलं असेल तर ते वाढवून सांगितलंय. पाय मुरगळलाय, बस. हाड शाबूत हाय. भूमच्या डॉक्टरनं पट्टा बांधला अन् विचारलं, आजी, ह्या वयात शिडीवर कशाला चढला. म्या म्हणलं, पिक्चर लागला होता वर.

तुला बंदुकीच्या भोकाकडच्या बाजूचा फोटो पाहिजे होता न्हवं? तुझ्या बापाला तीनदा म्हणलं, तेवढी खाली काढून दे. एकदा म्हणाला वेळ न्हाय, एकदा म्हणाला वर उंदरं झाली असतील, एकदा नुसताच उठून गेला. मग काल तो बैलांना ओढ्यावर धुवायला नेल्यावर म्याच चढले. तुझ्या आईनं खालून शिडी धरली अन् तोंडानं देवाचं नाव घेत होती, ते ऐकूनच अर्धा जीव गेला.

माळ्यावर सगळ्यावर धूळ. मोडकी पाभर, तुझा पाळणा, आण्णांची जुनी पेटी, सगळ्यावर बोट बुडेल एवढी. वाकळेवर धूळ न्हाय. उलगडली तर वास आला, करडीच्या तेलाचा, ताजा. लाकूड असं मऊ अन् काळंभोर, की मला वाटलं काल नवमी झाली का काय. चांदीचं फूल झळकत होतं, पण पाकळ्यांच्या खाचांत पांढरी रांगोळी तशीच अडकलेली. बाईचा हात असता तर फुंकर मारून काढली असती. मला तिथंच कळलं.

तेवढ्यात तो आला. ओला कासरा हातात, अंगाला बैलाचा वास.

"आई, खाली उतर."

"तेल कुणी लावलं?"

त्यानं कासरा खुंटीला अडकवला. मग म्हणाला, "गंज चढला असता."

"चढू दे की. ठाण्यातच द्यायची हाय न्हवं?"

ह्यावर तो काही बोलला न्हाय. बोलला न्हाय म्हणून म्या उतरता उतरता वळून बघितलं, अन् वळून बघितलं म्हणून पाय सुटला. म्हणजे चूक त्याची हाय. शिडीच्या शेवटच्या पायरीवरूनच पडले, पण त्यानं मला असं उचललं जसं काही मी कळसावरून आले. बाजेवर ठेवलं, दवाखान्यात नेलं, परत आणलं. रातची भाकरी मला त्यानंच कुस्करून दिली, दुधात. मला दूध-भाकरी आवडत न्हाय, ते त्याला माहीत हाय. तरी खाल्ली.

फोटो काही निघाला न्हाय. पण हर्षाली, एवढं मला कळतं की राग आलेला माणूस वर चढून चोरून तेल लावत न्हाय. अन् रांगोळीनं फूल घासत तर न्हायच न्हाय. ह्याचं दुसरंच काहीतरी हाय. ते मी काढते. आता मला बाजेवरून उठता येत न्हाय, म्हणजे त्याला माझ्यापुढून सारखं जावं यावं लागणार.

हैदराबादपर्यंतचं तिकीट काढलंस म्हणून कळलं. काढलंस ते बरं केलंस. पुढचं अजून काढू नको.

धुरपदाबाई


२४ सप्टेंबर २०२४

हर्षाली,

हे पत्र बसून वाच. चालता चालता वाचू नको, तिकडं गाड्या उलट्या बाजूनं येतात म्हणे.

आज आण्णांचा म्हाळ घातला, कृष्णराजच्या घरी. खीर पातळ झाली होती, ते जाऊ दे. जेवून आल्यावर तुझा बाप माझ्या पायाला लेप लावायला बसला. पाय त्याच्या हातात, त्यामुळं मला बी उठता येईना अन् त्याला बी. म्या सरळ विचारलं. म्हणलं, दिग्या, तुला आधीपासून माहीत होतं का ती उडत न्हाय?

तो लेप लावत राहिला. मग सांगाया लागला. खाली मान घालून, तुकड्या-तुकड्यानं.

तो एकोणीस वर्षांचा असताना आपल्या रानात विहीर पाडायचं काम चाललं होतं. सुरुंगवाल्यांकडून त्यानं चिमूटभर दारू मागून घेतली, बंदूक काढून नेली अन् बांधावर बसून बत्ती दिली. भोकावर भडका झाला, त्याच्या भुवया जळाल्या, अन् नळीतून धूर बी निघाला न्हाय. घरी सांगितलं चुलीचा भपका लागला. आता सांगते, तेव्हा त्याला कोरफड म्याच लावली होती, अन् मनात म्हणलं होतं, हा कधीपासून चुलीजवळ जाया लागला.

तो तसाच आण्णांकडं गेला. त्याला वाटलं आण्णांना धक्का बसेल. आण्णांनी भुवया बघितल्या अन् म्हणाले, तू बी केलंस व्हय? त्यांनी स्वतः तरुणपणी केलं होतं. त्यांच्या आज्यानं बी. ह्या घरातला प्रत्येक गडी कधी ना कधी भुवया जाळून बसलेला. अन् प्रत्येकाला सांगितलेलं, बायकांना बोलायचं न्हाय, त्या वर्षभर मान देणार न्हाईत.

म्हणजे बघ. पडवीत आमी गप्प, ओसरीवर ते गप्प. एवढ्या पिढ्या.

म्या म्हणलं, मग पोरीनं काय जगावेगळं केलं? सगळ्यांना ठाऊक होतं ते बोलली.

"ती बोलली त्याचं न्हाय," तो म्हणाला. "आण्णा उठले त्याचं."

त्याला वाटलं, ज्यानं बाप होऊन वाढवलं त्याला आपल्या लेकीनं ताटावरून उठवलं. बाकी सगळं त्यानं सोसलं असतं. म्हणून तुला तसं बोलला, अन् एकदा बोलल्यावर आण्णांसाठीच ते धरून बसला. पुढं संक्रांतीला आण्णा बार्शीच्या दवाखान्यात होते, हा उशाशी बसायचा. एक दिवस त्यानं आण्णांना सांगितलं, तुमी काळजी करू नका, तुमचा अपमान करणारीला मी घरात घेणार न्हाय.

आण्णांनी ह्याच्याकडं बघितलं अन् म्हणाले, "आरं, मी मुतायला उठलो होतो."

हर्षाली, हे असं हाय. लघवीची गोळी चालू होती त्यांना. बिबळ्या झाडाखाली आला तेव्हापासून धरून बसले होते. बार काढून मग जाऊ म्हणले, तर तू काडी घातलीस. त्यांना वाटलं, बरं झालं, पोरगी बोलती तवर जाऊन येतो. मोरी अंगणाच्या त्या टोकाला, गुडघे दुखणारे, परत यायला वेळ लागला. येऊन बघतात तर ताटं सरकवलेली, कृष्णराज अन् दिग्विजय एकमेकांवर धावलेले, तू कपडे भरतीस, अन् सगळं काय तर आण्णांच्या मानासाठी. दवाखान्यात म्हणाले, तुमी सगळे माझ्यासाठी एवढे तापलेले, त्यात मी कसं सांगणार मी कशाला उठलो ते.

आपल्यात थोरला माणूस पंगतीतून उठला की का उठला असं कुणी विचारत न्हाय. रागच आला असणार, असं धरतात. शेरडू उठलं तर आमी बघतो पोट बिघडलं का. माणसाला विचारलं न्हाय. त्यानं न्हाय, तू न्हाय, म्या बी न्हाय, अन् मी तर मोरीच्या वाटेवरच बसले होते.

अजून एक हाय. आण्णा त्याला म्हणाले, पोरीला बोलाव. म्हणाले, बिबळ्या मी लई मारला, आता जत्रेचं मला बी ऐकायचं हाय. पुढच्या नवमीला गोष्ट तिला सांगू दे. त्याच आठवड्यात गेले.

म्या म्हणलं, मग बोलावलं का न्हाईस? दीड वर्ष झालं. तर म्हणाला, कसं बोलावू? ज्याच्या नावानं तिला हाकललं त्याला रागच आला नव्हता. फोन उचलून तिला काय सांगू? आण्णांच्या मातीला बी त्याच शरमेपायी बोलावलं न्हाय. बंदूक दिसली की हेच आठवतं, म्हणून वर टाकली. अन् वर टाकली की गंज चढेल म्हणून जीव लागत न्हाय. म्हणून ठाण्याचं काढलं.

मी हसले. काय करू, मोरी डोळ्यापुढं आली. तो बी हसला. मग हसता हसता माझा पाय धरून रडला, लेपासकट. हे तुला सांगायचं न्हाय असं ठरवलं होतं, लिहून गेले. खोडलं तर आई कागद वाया गेला म्हणेल.

तुला राग येईल. यावाच. दीड वर्ष म्हणजे काही कमी न्हाय, अन् आण्णांचं तोंड बी तुला बघायला मिळालं न्हाय. तुझा राग तू काढ, हक्काचा हाय. पण इथं येऊन काढ. तिकडं बसून काढलास तर मला ऐकू येणार न्हाय.

धुरपदाबाई


३ ऑक्टोबर २०२४

हर्षाली,

आज घट बसले. तुझी आई म्हणाली, तू फोनवर लई रडलीस, मग लई भांडलीस, अन् मग विचारलंस, आण्णा खरंच जत्रेचं ऐकायचं म्हणाले का. म्हणाले. तुझा बाप खोटं बोलत न्हाय, त्याला जमत न्हाय. तोंड उघडायलाच जमत न्हाय तर खोटं कुठलं.

त्यानं तुला फोन केला न्हाय, ते मला माहीत हाय. मोबाईल घेतो, तुझं नाव काढतो, बघतो, खिशात घालतो. आईनं म्हणलं, मी लावून देऊ का, तर म्हणाला रेंज न्हाय. पण माझ्या बाजेजवळ येऊन विचारतो. ती जत्रा किती महिने चालली होती? आत जायला तिकीट होतं का? आपल्या बंदुकीची जोडीदारीण भिंतीवर वर लावली होती का खाली? म्या म्हणलं, मला काय विचारतोस, मी गेले होते का? जिला माहीत हाय तिला विचार. तर गोठ्याकडं गेला. मग संध्याकाळी परत येऊन विचारलं, शेजारच्या बंदुका कुठल्या होत्या. तू ही सगळी उत्तरं काढून ठेव. वर होती असं निघालं तर बरं, पण खाली असली तरी खरं तेच सांग.

बंदूक माळ्यावरून खाली आली. ठाण्याचं कुणी काढत न्हाय.

काल कृष्णराज आला होता. आण्णा गेले, आता गोष्ट सांगायचा मान माझा, यंदा बंदूक पाटावर ठेवणार असाल तर मीच सांगणार, असं म्हणाला. भावकीतले चार जण ओसरीवर होते. मला वाटलं आता तुझा बाप परत खाली बघणार. पण त्यानं सुपारी कातरता कातरता सांगितलं, "गोष्ट हर्षाली सांगणार हाय. आण्णांनी सांगून ठेवलंय."

कृष्णराज म्हणाला, नवमीला बायका हत्यारांपुढं बसत न्हाईत. म्या बाजेवरून म्हणलं, ती बसणार न्हाय, उभी राहून सांगणार हाय, बसायला तुला बोलावलंय. मग तो म्हणाला, न उडालेल्या बंदुकीचं सांगणार तरी काय ती? तर तुझा बाप म्हणाला, हिची बहीण बोटीत बसून पॅरिसला गेलीय, तू बार्शीच्या पुढं गेलास का कधी? सगळे हसले. कृष्णराज बी हसला, त्याचं एवढं बरं हाय. जाताना विचारून गेला, पोरगी कधी येती.

तर आता पुढचं तिकीट काढ. हैदराबादहून सोलापूर, अन् सोलापूरहून जी गाडी मिळेल ती, पण उतरायचं येरमाळ्याला. भूमच्या थेट गाडीची वाट बघत बसू नको, ती वेळेवर नसती. हे मी न्हाय, तो सांगतो. लिही म्हणाला, अन् मी लिहिती का न्हाय ते बघायला खांबाला टेकून उभा होता. येरमाळ्याला हायवेवर चहाची दुकानं हायत, तिथं तो गाडी घेऊन थांबणार. तू किती वाजता येतीस ते आईला कळव. कळवलंस तरी तो सकाळीच जाऊन उभा राहणार. तिकडं खताचं काम होतं म्हणून सांगेल. खताचं काही काम न्हाय.

तू उतरलीस की तो तुझ्याकडं बघणार न्हाय. टायरकडं बघेल, पाटीकडं बघेल, गाडीला लई उशीर झाला म्हणेल. तू लगेच माफीचं-बिफीचं काढू नको. त्याला बी काढायला लावू नको. रडायचं असेल तर घरी येऊन आईजवळ रड, ती तयारच हाय. अन् चुलता, मान, अपमान, ह्यातलं एक अक्षर रस्त्यावर बोलायचं न्हाय, येरमाळ्यात आपली लई ओळख हाय.

तुझी बॅग तेवढी त्याच्या हातात दे. चाकं असली तरी ओढू नको. उचलू दे त्याला.

धुरपदाबाई